अकरा बाय तेराची खोली : लॉजमधल्या मालिशखोलीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

आज साईट बघून आले, खोलीचं डिझाईन माझ्याकडं आहे. अक्कलकोट रोडच्या बाजूला जुनं लॉज आहे, पाहुणे बहुतेक करून देवदर्शनाचे, अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आत, तुळजापूर ४५ च्या आसपास, पंढरपूर सत्तरच्या पुढं, सोलापूर मधोमध पडतं म्हणून मुक्काम इथं टाकतात आणि तिन्ही ठिकाणं करून मग गाडी धरतात. चालून चालून पाय सुजलेली माणसं रात्री रिसेप्शनला येऊन विचारतात, काका, इथं कुणी पाय चोळून देणारं मिळंल का. काकांच्या, म्हणजे थोरल्या मालकांच्या, सूनबाईंनी (मी त्यांना वहिनीच म्हणते) हे चार-पाच वर्षं ऐकलं आणि आता म्हणतायत की तळमजल्याची शेवटची खोली द्यायची मालिशसाठी. वैद्य मॅडम आठवड्यातून तीन दिवस येणार, मालिश करणाऱ्या दोघी ताई आणि पुरुषांसाठी एक दादा ठरलेत.

खोली ११ फूट बाय १३ फूट, लांबी पूर्व-पश्चिम. आतून जोडलेलं वेगळं ५ बाय ७ चं बाथरूम. पश्चिमेची भिंत दुपारी तापते, हात लावला तर कळतं. वर लगेच स्लॅब आहे कारण मागचा हा भाग एकमजलीच आहे. आणि उत्तरेला सहा फुटी बोळ, बोळापलीकडं पावरलूमचं शेड. मी खोलीत उभी होते तेव्हा चार-सहा माग चालू असतील, खटाखट खटाखट. धाकटे मालक म्हणाले ह्याचं काय करता येतं का बघा ताई, बाकी सगळं सोपंय. मला उलट वाटतंय की आवाज सोपाय, बाकीचं अवघड आहे. का ते नीट लिहीन एकदा.

७ फेब्रुवारी

धाकट्या मालकांनी मोबाईलवर चाळीसेक फोटो दाखवले. सगळे एकाच जातीचे, बांबूचा वॉलपेपर, काळे गुळगुळीत दगड, पाण्याचं कारंजं, कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती आणि पुढं मेणबत्त्या. बघायला छान वाटतात, मी नाही म्हणत नाही. पण बुद्धाच्या मूर्तीवर मी स्पष्ट बोलले. आपल्या गावात बुद्धाला मनापासून वंदन करणारी हजारो घरं आहेत, १४ एप्रिलला हे शहर कसं भरतं ते आपण बघतो, आणि जिथं माणूस उघडा झोपणार, पाय कुठंही करणार, फरशीवर तेल सांडणार तिथं ती मूर्ती शोभेची वस्तू म्हणून ठेवायची हे मला पटत नाही. तसंच स्वामींचा फोटो पण नको, गणपती पण नको. त्यांना ते लगेच पटलं, म्हणाले ह्या बाजूनं विचारच केला नव्हता ओ ताई.

मग कारंजं. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात पाणी नुसतं वाहताना दाखवायचं, पाहुण्याला काय वाटंल माहीत नाही पण इथल्या बाईला जीव शांत व्हायच्या ऐवजी कुणीतरी नळ बंद करा असंच वाटणार. तेही रद्द.

राहिला प्रश्न मग लावायचं काय. म्हणलं थांबा, आधी झोपणाऱ्याला विचारू.

१२ फेब्रुवारी

विचारपुशीचं हे काम मी स्वतःहून अंगावर घेतलं, ह्याचे पैसे लावलेले नाहीत. ओळखीच्या नऊ बायकांना विचारलं की मालिश करून घ्यायला का जात नाही. शाळेतल्या बाई, बँकेतल्या एक, माझी आत्या, आमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या दोघी (त्यांची मान आणि पाठ तर कायम धरलेली असते, दिवसभर सूप मांडीवर घेऊन खाली बघून काम), लॉजवर उतरलेल्या पुण्याच्या सासू-सुना, असं सगळं मिसळून.

पैशाचं कारण दोघींनीच सांगितलं. बाकी सगळ्यांचं कारण म्हणजे संकोच. आणि संकोच हा एक मोठा गोळा नसतो, बारीक बारीक गोष्टींचा असतो हे मला त्यादिवशी उमगलं. साडी सोडून ठेवायची कुठं, साडेपाच-सहा मीटरचं कापड एका खुंटीवर बसत नाही, जमिनीवर लोळलं की जीव वर-खाली. मंगळसूत्र काढायचं नसतं, पण पाटल्या-बांगड्या काढाव्या लागतात, मग त्या ठेवायच्या कुणाच्या भरवशावर. टाचा फाटलेल्या आहेत, पोरगी काय म्हणेल. पोट सुटलंय. आतून कडी लागते का. मधेच कुणी आलं तर. आणि नऊपैकी सहा जणींनी आवाज बारीक करून एकच विचारलं, तिथं कॅमेरा-बिमेरा लपवलेला नसतो ना गं.

त्यावरनं माझं डिझाईन पुरतं बदललं. मी जिप्समचं फॉल्स सिलिंग काढलं होतं ड्रॉइंगमधे, भोकाभोकाचे दिवे, स्पीकरची जाळी, सेंट असलेली मशीन. ते सगळं खोडलं. झोपलेली बाई वर बघते आणि वर जितकी भोकं तितक्या शंका. छत सपाट, कोरं, एकही जाळी नाही, एकही लुकलुकणारा हिरवा-लाल ठिपका नाही. आरसा भिंतीत बसवलेला नाही, दोरीला टांगलेला, उचलून मागं बघता येईल असा. सीसीटीव्ही फक्त बाहेरच्या पॅसेजमधे, आणि तोही दिसेल असा. म्हणजे खोली सुंदर दिसायच्या आधी खोली प्रामाणिक दिसली पाहिजे, मला ह्या प्रकल्पात बाकी काही साधलं नाही तरी चालेल पण हे साधायचंय.

१८ फेब्रुवारी

आवाज. दुकानदार फोमचे खाचाखाचांचे तुकडे विकायला बसलेत, साऊंडप्रूफ म्हणून. मालकांनी सॅम्पल पण आणून ठेवलं होतं. त्यांना समजावलं की फोम आतला घुम कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजवायला लागते. खोलीची भिंत ९ इंची विटांची आहे, ती चांगलं काम करतेय, आवाज येतोय तो खिडकीतनं आणि दाराच्या खालच्या फटीतनं.

त्यामुळं असं ठरलं की उत्तरेच्या खिडकीला दुहेरी काच, एक ६ मिलिमीटर एक ८ मिलिमीटर, मधे ४ इंच मोकळी जागा. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या घेतल्या तर दोन्ही एकाच सुराला थरथरतात म्हणून वेगवेगळ्या. दार पोकळ होतं, ठोकलं की डब्यासारखं वाजायचं, ते काढून ३५ मिलिमीटरचं भरीव फ्लश डोअर, चौकटीला रबर, खाली पण रबराची पट्टी जी दार लागलं की फरशीला टेकते. उंबरठा काढून टाकायचा कारण गुडघेदुखीची माणसं येणार.

तरीही मागाचा तो खालचा धडधड सूर पूर्ण जाणार नाही, तो जमिनीतनं येतो. टेबलाच्या पायांखाली जाड रबर देऊ. आणि खिडकी बंद म्हणजे हवा कोंडणार, तर दोन पाहुण्यांच्या मधे पंधरा मिनिटं खिडकी उघडायची आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवायचा, हे वेळापत्रकातच लिहून टाकलं.

२४ फेब्रुवारी

पाणी. बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, बाथरूमच्या जुन्या काचेवर पांढरे डाग बसलेत. अंगाला लावलेलं तेल त्या पाण्यानं निघणार नाही. नळाच्या पाण्याची वेगळी १००० लिटरची टाकी वर, फक्त ह्या खोलीसाठी. शॉवर नको म्हणलं. माणशी दोन बादल्या गरम, एक हातात धरायचा छोटा शॉवर केसांपुरता, आणि बेसन वाटीत. डोक्यावरनं पाणी सोडलं की हिशोब राहत नाही. बसून आंघोळ करायला लाकडी पाट नको (कुजतो, बुळबुळीत होतो), सिमेंटचा बांधीव ओटाच करून वर टाईल, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. गिझर १५ लिटर. ओल्या जागेच्या सगळ्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाईन तोडणारं स्विच), त्यात तडजोड नाही.

४ मार्च

फरशीत चूक झाली माझी. मनात होतं की आपल्या ह्या भागातली शहाबादी फरशी घालावी, उन्हाळ्यात पायाला गार, दिसायला करडी-निळसर, शांत. गवंडीमामांनी अर्धी खोली टाकली पण. मग वहिनींना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी तिळाचं तेल वाटीभर सांडून रात्रभर ठेवलं. सकाळी काळा डाग, थाळीएवढा. सोडा, साबण, गरम पाणी, काही उपयोग नाही, दगड तेल पिऊन बसला होता. हे मी आधी एका तुकड्यावर करून बघायला पाहिजे होतं, अर्ध्या दिवसाची मजुरी आणि माल माझ्या बिलातनं वळता करायला सांगितलं.

निघालेली शहाबादी बाहेरच्या पॅसेजला वापरली, तिथं तेल येत नाही, आणि खोलीकडं चालत येताना पायाला गारवा लागतो तो आता मला त्या जागेचा सगळ्यात चांगला भाग वाटतो. आत खरखरीत मॅट टाईल, अँटी-स्किड, मातकट रंगाची, सांध्यात साध्या सिमेंटऐवजी एपॉक्सी भरली म्हणजे सांधे तेलानं काळे पडणार नाहीत. टाईल निवडताना दुकानातच तळपायाला तेल लावून उभी राहिले. दुकानदार बघत राहिले, पण दुसरा मार्ग नाही, हातानं चाचपून घसरण कळत नाही.

११ मार्च

टेबल. वैद्य मॅडमना द्रोणी पाहिजे, म्हणजे कडेला काठ असलेलं लाकडी, तेल वाहून एका बाजूनं भांड्यात गोळा होतं ते. वहिनींना गादीवालं पाहिजे कारण रात्री दमून आलेल्या माणसाला लाकूड टोचतं. दोन टेबलं ठेवायला जागा नाही. ७ फूट लांब टेबलाच्या चारी बाजूंनी मालिशवालीला फिरायला अडीच-तीन फूट तरी मोकळे पाहिजेत, ११ फुटाच्या रुंदीत अडीच फुटाचं एकच टेबल नीट बसतं.

सुतारमामांनी तोड काढली. सागवानी टेबल, काठ एक इंच, पायाकडं किंचित उतार आणि नळी, त्यावर बरोब्बर आत बसणारी रेक्झिनची दोन इंची गादी, शिरोधारा (कपाळावर तेलाची धार सोडतात ती) असेल तेव्हा गादी काढायची. डोक्याच्या बाजूला ड्रॉवरसारखी ओढून काढायची चौकट, पालथं झोपल्यावर चेहरा ठेवायला, नको तेव्हा आत ढकलायची.

उंचीवरनं बराच वेळ चर्चा. पाहुण्याच्या सोयीनं सगळे बोलतात पण जी बाई दिवसाला पाच जणांना मालिश करते तिची कंबर टेबलाच्या उंचीवर टिकते. साधा हिशोब असा की ती सरळ उभी राहिली, हात खाली सोडून मूठ वळली, तर मुठीची हाडं टेबलाला टेकली पाहिजेत. एक ताई पाच फुटाच्या, दुसऱ्या पाच-पाच. टेबल २६ इंच धरलं तर दोघींच्या मधोमध पडतं, पहिल्या ताईंना पायाखाली दीड इंची फळी. चढायला पाहुण्यांना रुंद पायरी, तिला पण रबर.

डोकं पूर्वेला. उत्तरेला डोकं करून झोपायला इथं निम्मी माणसं तयार होत नाहीत आणि त्यांच्याशी वाद घालायला ती खोली नाही. दार दक्षिणेच्या भिंतीत पायाकडच्या टोकाला आहे, मधे पडदा, म्हणजे चुकून दार उघडलं तरी समोर पडदाच.

शिरोधारेचं भांडं छताला टांगायचं का, असा एक विषय होता. धार कपाळापासून चार अंगुळांवरनं पडायला लागते असं मॅडमनी सांगितलं, म्हणजे उंची दर माणसागणिक जराशी हलवावी लागणार, म्हणून छताला हूक नाही (छत कोरं ठेवायचंय हे पण होतंच), चाकांचा स्टँड, वर-खाली होणारा.

२० मार्च

काल रंगपंचमी, इलेक्ट्रिशियन भाऊ आज आले तेव्हा कानामागं हिरवा रंग तसाच.

त्यांनी खोलीच्या बरोब्बर मधे पॉईंट काढून ठेवला होता, ताई लाईट मधीच पायजे की ओ, सगळीकडं उजेड पडतो. मी त्यांना टेबलावर झोपायला सांगितलं. झोपले, दिवा लावला, तीन सेकंदात डोळ्यावर आडवा हात घेतला. काही बोलावं लागलं नाही मला. मग ते स्वतःच म्हणाले की दवाखान्यात झोपल्यागत वाटायलंय.

आता छताला एकही दिवा नाही. भिंतीवर साडेपाच फुटावर लाकडी पट्टी, तिच्यामागं एलईडीची पट्टी, उजेड भिंतीवरनं वर सरकतो, बल्ब कुठंच दिसत नाही. २७०० केल्विन, पिवळसर, संध्याकाळी दिवेलागणीला घरात असतो तसा. डिमर ताईंच्या हाताशी. स्वस्तातला डिमर लावून बघितला तर उजेड कमी केल्यावर थरथरायचा, डोळे मिटले तरी जाणवतं ते, म्हणून बदलून घेतला. बाथरूममधे रात्रभर मंद दिवा. आणि दाराजवळ एक पांढरी ट्यूब, तिचं बटण वेगळं, ती फक्त सफाईला. मंद उजेडात तेलाचे डाग दिसत नाहीत आणि मंद उजेडाच्या खोल्या हळूहळू घाण होत जातात, मी बघितलंय.

मग मी स्वतः झोपले, चाळीस मिनिटं, निम्मा वेळ उताणी निम्मा वेळ पालथी. उताणी असताना दिसतं छत, तर छताला पांढराफेक रंग नको, फिकट ताकासारखा. पालथं असताना दिसतं चौकटीतनं फक्त फरशीचं एक वर्तुळ. तिथं वायरचा तुकडा पडला होता, मी वीस मिनिटं तो वायरचा तुकडाच बघत होते. तिथं आता तांब्याचं घंगाळ ठेवायचं, पाणी आणि त्यात जे फूल बाजारात असेल ते, आत्ता मोगरा, पुढं झेंडू.

भिंतीवरचं घड्याळ काढलं. ताईंना वेळ कळायला पाहिजे म्हणून छोटं, बिनआवाजाचं, कपाटाच्या आतल्या बाजूला.

२ एप्रिल

पाडवा झाला, परवा स्वामींचा प्रकट दिन, लॉज फुल, जिन्यात पण माणसं झोपलेली. काम बंद. सकाळी सात वाजता अनवाणी आलेली एक आजी पॅसेजच्या शहाबादीवर पाय पसरून बसली होती, भिंतीला टेकून, डोळे मिटून. अजून खोलीला रंगसुद्धा नाही.

८ एप्रिल

पारा चाळिशीच्या वर. दुपारी ३ वाजता खोलीत थर्मामीटर ठेवला तर ३८. आधी स्लॅबवर चुना, पांढरा, दोन हात. चार दिवसांनी त्याच वेळेला, बाहेर तेवढंच ऊन, ३५. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरनं वाळ्याचा पडदा, सोलापूरची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळं पाणी मारलं की खरंच गार होतं, दमट गावात हे चालत नाही. पण ओल आत येऊ नये म्हणून फक्त मालिश नसताना.

एसी दीड टन. तेल लावलेल्या उघड्या अंगाला २४ डिग्री म्हणजे काकडायला होतं, आणि त्याच वेळी जोर लावून मालिश करणारी ताई घामाघूम, हे दोघांचं भांडण प्रत्येक मालिशखोलीत असणार. एसी दक्षिणेच्या भिंतीवर पायाकडच्या टोकाला, झोत टेबलावर नाही, पडद्याच्या बाजूनं वरनं जाईल असा, २७ वर. ताईंच्या मागं भिंतीला छोटा पंखा, जो फक्त त्यांच्या पाठीवर येतो. ज्या भागाला मालिश चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर, म्हणजे थंडी पण नाही आणि संकोच पण नाही.

१५ एप्रिल

आज चादरी आणि टॉवेल, माझ्या आवडीचा दिवस.

एमायडीसीतल्या कारखान्याच्या दुकानात गेलो, वहिनी आणि मी. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, गावाची ओळखच ती, आणि आपल्याच लॉजमधे पाहुण्याला पातळ पॉलिस्टरचं काहीतरी गुंडाळायचं हे कसं दिसेल. धाकट्या मालकांचा आग्रह सगळं बेज-पांढरं पाहिजे, स्पा सारखं. चादरीचे मोर आणि लाल-निळे चौकट त्यांना घरगुती वाटतात. मी म्हणलं घरगुतीच पाहिजे. ती चादर बघितली की इथल्या बाईला ओळखीचं वाटतं, आणि बाहेरगावच्या पाहुण्याला सोलापुरात आल्यासारखं. शेवटी भिंती, छत, फरशी सगळं शांत एकाच मातकट रंगात आणि टेबलावरची चादर तेवढी बोलकी, मरून रंगाची, असं ठरलं आणि मला वाटतं खोली त्यामुळंच उभी राहिली. चादर जड असते, अंगावर घेतली की वजन जाणवतं, ते वजनच माणसाला स्थिर करतं. अंगालगत मात्र सुती पंचा, चादर त्याच्यावर, म्हणजे चादरीला तेल लागत नाही. गाऊन पाठीमागं नाडीचे नाहीत, समोरून गुंडाळायचे, आणि मोठ्या अंगाच्या बायकांनाही पुरतील असे शिवून घेतले, गाऊन पुरला नाही तर ती बाई परत येणार नाही.

टॉवेल ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचे. त्याच्यापेक्षा जाड घेतले तर सोलापूरच्या उन्हात पण आतनं वाळायला वेळ लागतो आणि कुबट वास येतो. धुताना सॉफ्टनर अजिबात नाही, टॉवेलचा टिपणारा गुणच जातो. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा.

आणि एक गोष्ट वहिनींना, ताईंना, धुणाऱ्या मावशींना एकत्र बसवून सांगितली. तेल लागलेले टॉवेल ड्रायरमधनं गरम-गरम काढून घडी घालून ढीग लावायचा नाही. वनस्पती तेल हवेशी संयोग पावताना स्वतः तापतं, ढिगाच्या आत ती उष्णता अडकते, वाढत जाते, आणि काही तासांनी रात्री कुणी नसताना ढीग पेट घेतो. नुसतं धुऊन तेल पूर्ण निघत नाही म्हणून धुतलेल्या टॉवेलला पण हे लागू. आपल्याकडं गच्चीवर ऊन आहे, दोरीवर सुटं वाळवायचं, गार झाल्यावर घडी, वापरलेले टॉवेल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, रोजच्या रोज धुवायचे. मावशी म्हणाल्या, टावेल आपोआप पेटतो व्हय? हो मावशी, पेटतो. ड्रायर घ्यायचाच नाही असं मग त्यांनीच ठरवलं.

२१ एप्रिल

वास. ऑनलाईन मागवलेलं मोगऱ्याचं सेंट मशीनमधे घालून लावलं, वीस मिनिटांत वहिनींचं कपाळ दुखायला लागलं. खिडकी बंद, खोली लहान, त्यात असला वास भरला की बाहेर जायला वाट नाही. काढून टाकलं. उदबत्ती पण नको, धुराचा थर तेलकट भिंतीवर बसतो. कोमट तिळाच्या तेलाचा स्वतःचा वास, घंगाळात खरा मोगरा, प्यायच्या माठात वाळ्याची जुडी. एवढ्यावर थांबलो.

तेल थेट शेगडीवर नाही, गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं.

संगीत ठेवलेलं नाही. धाकटे मालक नाराज आहेत, बघू.

२६ एप्रिल

ट्रायल. तिघींना बोलावलं, पैसे नाहीत, फक्त खरं बोलायचं ह्या अटीवर.

शाळेतल्या बाई आल्या. खोलीत गेल्यावर ताई बाहेर थांबल्या, आतून कडी लावायला सांगितलं. कडी अशी आहे की आतनं लागते पण कुणाला चक्कर आली तर बाहेरनं नाण्यानं उघडता येते. बाईंनी पहिल्यांदा काय केलं तर आरसा उचलून मागं बघितलं, हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं, आणि मग म्हणाल्या तिथंच माझं अर्धं अंग सैल झालं. साडीसाठी चार फुटी आडवी लाकडी दांडी आहे, घडी मोडून टाकता येते. दागिन्यांना किल्लीचा छोटा खण, किल्ली केसांच्या रबराला बांधलेली, मनगटात घालायची.

दुसऱ्या, विड्या वळणाऱ्या काकू. टाचा झाकून घेत होत्या. ताईंनी काही न बोलता आधी कोमट पाण्यात पाय ठेवून घेतले, घमेल्यात, म्हणजे पाय धुणं हे सगळ्यांसाठीच पहिलं काम आहे, कुणाचे फाटलेले आहेत म्हणून नाही. पाय धुवायची बसायची जागा आम्ही दाराजवळ ठेवलीय, कपडे बदलायच्याही आधी. ह्याचं श्रेय वहिनींचं, मी ड्रॉइंगमधे ती जागा टेबलापलीकडं काढली होती.

तिसऱ्या आमच्या गल्लीतल्या अक्का, सत्तरीच्या, घरात तेलुगू बोलतात, आयुष्य मागावर गेलेलं. त्यांना झोपवलं, चादर घातली, पलीकडं शेडमधे माग चालूच. दोन काचांतनं आता नुसतीच धडधड येते, लांबून आल्यासारखी. मला धाकधूक की तक्रार येणार. अक्का दहा मिनिटांत घोरायला लागल्या. उठल्यावर विचारलं आवाजाचा त्रास झाला का, तर म्हणाल्या, कसला त्रास गं, आमच्या घरात हा आवाज थांबला की सगळ्यांना जाग यायची, माग बंद म्हणजे काहीतरी बिघडलं. धाकटे मालक तिथंच उभे होते. संगीताचा विषय त्यांनी परत काढला नाही.

तक्रारी पण लिहून ठेवते. बाईंना चेहऱ्याची चौकट अरुंद, गालाला वळ उठला, सुतारमामा अर्धा इंच वाढवून आणि कड जास्त भरून देणार. काकूंनी बाथरूममधनं ताईंना हाक मारली ती ऐकूच गेली नाही, दार भरीव केल्याचा परिणाम, तिथं आता हाताशी पितळी घंटा. अक्कांना पायरी उंच.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. नारळ फोडला, आमरसाचं जेवण झालं. सकाळी ११ ते ५ बायका, ६ ते ८ पुरुष, आणि पुरुषांना दादाच, ही पाटी बाहेर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत. कन्नड आधी राहिलं होतं, गुलबर्गा-विजापूरकडची माणसं इथं मुक्कामाला असतात हे काकांनी आठवण करून दिलं.

९ मे

आठ दिवस झाले म्हणून आज फेरी मारली. दुपारी ४३ बाहेर, आत २७-२८ टिकतंय, चुन्याचा तिसरा हात देऊ. गादीच्या रेक्झिनला पायाकडं घाम धरतो, तिथं सुती पंच्याची जादा पट्टी. एपॉक्सीचे सांधे स्वच्छ. टॉवेल गच्चीवर सुटे वाळतायत, बघून आले. टाकीतलं पाणी नळाच्या पाळीपर्यंत पुरतंय पण जेमतेम, एका दिवसात सहाच्या वर पाहुणे घ्यायचे नाहीत असं वहिनींना सांगितलं.

ताई म्हणाल्या साडीची दांडी बुटक्या बायकांना उंच पडते, टाचा वर करून टाकावी लागते साडी. दांडी मी माझ्या उंचीवर लावून घेतली होती. सुतारमामांना फोन केलाय, उद्या चार इंच खाली घेतील.